कळवतो

खांदा कॉलनीत आमच्या इमारतीपासून चार गल्ल्या सोडून, एका इमारतीच्या खांबांमध्ये 1984 सालची प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. रंग सायीचा, गिअर स्टिअरिंगच्या बगलेत. गाडी विकायची आहे, आणि गेले अकरा महिने दर रविवारी सकाळी नऊला मी ती बघायला जातो. गाडीच्या मालकांना मी काका म्हणतो. काकू पोहे करतात. मी पोहे खातो, गाडीला एक प्रदक्षिणा घालतो आणि चपला घालताना म्हणतो, "कळवतो."

"मला बघायला आला होतात तेव्हा एका बैठकीत आटोपलं होतं," ही म्हणते.

तेव्हा निर्णय घ्यायला वडील होते, हे मी तिला सांगत नाही.

खूळ डोक्यात शिरलं ते ऑक्टोबर 2023 मध्ये. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाल्याची बातमी आली. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली. टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, ते भरलं. मी दिवसभर सुतक असल्यासारखा वावरलो. वास्तविक त्या टॅक्सीत मी उभ्या जन्मात दहा-बारा वेळा बसलो असेन, तेही सगळा वेळ मीटरकडे बघत.

पण आवड वडिलोपार्जित आहे. अँबेसिडर बरी की फियाट, यावर आमच्या वडिलांचं मत अत्यंत कडवं होतं. त्यांच्याकडे सायकल होती. "अँबेसिडर म्हणजे बैलगाडी, फियाट म्हणजे टांगा," असं ते पायडल मारता मारता सांगत. शिवाय फियाटचा, म्हणजे पुढे पद्मिनीचाही, कुर्ल्याचा कारखाना काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, 1944 साली कंपनी स्थापून. त्यामुळे सोलापुरात आजोळ असलेल्या वडिलांना तो घरचाच वाटे. गाडीला तेव्हा नंबर लावावा लागे आणि तो लागेपर्यंत वर्षं जात. वडील नंबर लावणाऱ्यांचे सल्लागार होते.

या गाडीच्या घराण्याचा मला विशेष आदर आहे. पन्नासच्या दशकातल्या गुबगुबीत फियाटला लोकांनी नाव ठेवलं 'डुक्कर फियाट'. 1964 मध्ये 'डिलाइट' आली, मग 'प्रेसिडेंट', आणि 1974 मध्ये थेट चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी'. दोन दशकांत डुकराची राणी! अशी बढती मी तरी कुठल्या हपिसात पाहिलेली नाही.

तर बघण्याचा कार्यक्रम. जुन्या गाडीत पत्रा किती आणि वर थापलेली लांबी किती हे लोहचुंबकाने कळतं, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. घरात एकच चुंबक होता, फ्रिजवरचा, महाबळेश्वरहून आणलेली स्ट्रॉबेरी. ती खिशात घालून गेलो. बॉनेटवर स्ट्रॉबेरी चटकन बसली. छतावर बसली. डाव्या मागच्या दारावर जरा घुटमळली आणि सावकाश घसरत खाली येऊन माझ्या चपलेवर पडली. काकांनी ती उचलली, शर्टाला पुसली आणि परत दिली. "ते दार नका धरू हिशेबात," म्हणाले. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचललं तर खालची फरशी दिसली. गाडीची नव्हे, पार्किंगची.

एका रविवारी जुन्या पनवेलहून मिस्त्री आणला. त्याने बॉनेट उघडून कान लावला, डिपस्टिक ओढून तेल बोटांत चोळलं, सायलेन्सरच्या धुराचा वास घेतला आणि निकाल दिला, "इंजिन चांगलंय साहेब. त्याच्याभोवतीची गाडी तेवढी बदला."

कागदांचंही तसंच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि वर ग्रीन टॅक्स. विंटेज म्हणून नोंदवावी म्हटलं तर 2021 च्या नियमाप्रमाणे गाडीची पन्नाशी उलटलेली हवी. आणि विंटेज झाली की ती रोज रस्त्यावर काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. लग्नकार्य, डॉक्टर आणि तपासण्या एवढ्यासाठीच बाहेर पडणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या मला हा नियम फारच ओळखीचा वाटला. पद्मिनी अजून वयात बसत नाही. मी बसतो.

आमच्या सोसायटीत तर आहे त्याच गाड्यांना जागा नाही. सेक्रेटरींना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "टाकीवर जागा आहे."

हे सगळं मला कळतं. तरी रविवारी नऊ वाजले की पाय तिकडेच वळतात. कारण त्रिकोणी खिडकीची ती बारकी कडी. ती फिरवून काच तिरकी केली की वारा नेमका गळ्यावर येतो. आजच्या गाड्यांत एसी आहे. गळ्याची अशी विचारपूस नाही.

गेल्या रविवारी पोहे अर्ध्यावर असताना खारघरचा एक तरुण आला. नम्र, नीटनेटका, फोनवरून पैसे लगेच पाठवायच्या तयारीत. त्याला नव्या कॅफेच्या दारात गाडी हवी होती. "इंजिन काढून टाकू," तो म्हणाला, "आणि बॉनेटमध्ये झाडं लावू. मनीप्लँट वगैरे."

काकांनी चमचा खाली ठेवला. काकांना गाडी विकायची आहे असं मी अकरा महिने समजून चाललो होतो.

"वायपर चालत नाही," काका म्हणाले.

"चालायला नकोच आहे, काका."

"पावसात डिस्ट्रिब्युटर दमट होतो. खाली पत्रा सडलाय. छपरातून गळतं."

तरुण हसत राहिला. तेव्हा मी उठलो, खिशातून स्ट्रॉबेरी काढली आणि डाव्या मागच्या दारावर लावली. ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. "नुसती लांबी आहे," मी गंभीरपणे म्हटलं. "झाडांना पाणी घालाल, तर सहा महिन्यांत कुंडीसकट खाली बसेल."

तरुणाने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोन खिशात टाकला. "कळवतो," म्हणाला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर काका किल्ली घेऊन आले. खांदेश्वरच्या तळ्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ म्हणाले, बॅटरीही चार्ज होईल. चोक ओढला, किल्ली फिरवली. आतून कुणीतरी खाकरल्यासारखं झालं आणि शांत झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा शांत.

"दुसऱ्यात टाकून ठेवतो," काका खिडकीतून म्हणाले.

मी बाह्या सारल्या, मागे गेलो आणि डिकीला दोन्ही हात टेकले.