दारातून जरा बाजूला व्हा, मायबाप!

सरकारबद्दल आपल्याकडे तक्रारी दोनच. एक, ते जिथे तिथे नाक खुपसतं. दुसरी, ते काहीच करत नाही. या दोन्ही तक्रारी बहुधा एकच माणूस एकाच दमात करतो, आणि त्याचं निरीक्षण बिनचूक असतं. दारासमोरचा खड्डा बुजवायला सरकारला सवड होत नाही, पण लोणचं किती मोठ्या कारखान्यात घालावं हे ठरवायला होती. (थट्टा नव्हे. लोणची, अगरबत्त्या, काचेच्या बांगड्या आणि शाळेच्या वह्या आपल्या देशात लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. हे आरक्षण पुरतं उठायला २०१५ साल उजाडावं लागलं.) तेव्हा ‘मोठं सरकार देशाला रसातळाला नेतं का?’ असा वाद रंगला की एकाने व्हेनेझुएला काढायचा, दुसऱ्याने स्वीडन, आणि जाहिरातींची वेळ होईपर्यंत भांडायचं, ही रीतच पडली आहे. इतक्या लांब जायची गरज नाही. १९७२ सालचा महाराष्ट्र पुरे.

त्या वर्षी वसंतराव नाईकांच्या सरकारने दोन अवाढव्य कामं अंगावर घेतली. दुष्काळ पडला होता, म्हणून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. मागेल त्याला काम, कामाला मजुरी. त्याच वर्षी कापूस एकाधिकार खरेदी योजनाही सुरू झाली: राज्यातला सगळा कापूस सरकारच विकत घेणार, दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही. दोन्हींमागचा हेतू सोन्यासारखा. व्यापारी काट्यात मारतात, भाव पाडतात, शेतकऱ्याला नागवतात, हे काही सरकारने रचलेलं कुभांड नव्हतं. ते विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणजे सरकार एक, मंत्रालय एक, बाबूही तेच. फरक एवढाच की पहिल्या योजनेने गरिबाला आणखी एक दार उघडून दिलं, आणि दुसरीने असलेली सगळी दारं लावून एकच चालू ठेवलं. त्या दारात ग्रेडर उभा होता.

हा ग्रेडर बारकाईने पाहण्यासारखा आहे. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागलेली. आपला नंबर आला की ग्रेडर कापसात हात घालणार, मूठभर बाहेर काढणार आणि प्रत ठरवणार. वर्षभराची कमाई त्या मुठीवर. प्रत पसंत पडली नाही तर शेतकरी जाणार कुठे? बाजारातल्या लुच्च्या व्यापाऱ्याला निदान शेजारच्या लुच्च्याची धास्ती असते. ग्रेडरला कुणाची असणार? त्यात चुकारा हप्त्याहप्त्याने आणि रखडत. म्हणून गरजू शेतकरी घाईला येऊन गावातच व्यापाऱ्याला माल देऊन टाकी, आणि तोच माल पुढे शेतकऱ्याच्या नावाने केंद्रावर चढे. ज्या व्यापाऱ्याला हाकलण्यासाठी हा सगळा खटाटोप, तो असा मागच्या दाराने पुन्हा गादीवर. आंध्रात, गुजरातेत किंवा मध्य प्रदेशात भाव चढला की आपला कापूस नाके चुकवून सीमेपार; तिकडे उतरला की तिकडचा कापूस इकडे येऊन अस्सल महाराष्ट्रीय होई. भाव चढा असताना माल दुसऱ्याचा आणि पडलेला असताना सगळ्यांचा माल आपला, या हिशेबात साक्षात कुबेरही भिकेला लागला असता. तोटा हजारो कोटींवर गेला, आणि २००२ च्या हंगामापासून खासगी खरेदीला वाट मोकळी करावी लागली.

रोजगार हमीतही घोटाळे झाले नाहीत असं नाही. बोगस हजेरीपट हा तर आपला कुटिरोद्योगच. तरीही ती टिकली. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राने तीच कल्पना देशभर नेली. कारण साधं आहे. शेतावर चार पैसे जास्त मिळाले तर मजूर खडी फोडायला येत नसे आणि त्याला कुणी अडवतही नसे. नको म्हणता येत होतं.

देशाच्या पातळीवरही दुखणं एकच दार चालू ठेवण्याचंच होतं. परवाना राज्यातलं सरकार खर्चाच्या मानाने आजच्यापेक्षा लहानच होतं. मोठा होता तो त्याचा शिक्का. १९५१ च्या कायद्याने कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, आणि परवान्यापेक्षा जास्त माल काढला तर तो गुन्हा. पुण्यात तयार होणाऱ्या स्कूटरसाठी पुणेकराने वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि कारखानदाराने जास्त गाड्या बनवल्या तर खुलासा द्यायचा! १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. उरलेले सव्वादोन रुपये सरकारने का सोडले, हे गूढच. नागरिकाने सोन्याची वीट बाळगू नये म्हणून केलेला सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला, आणि पुढच्याच वर्षी देशाचं सुमारे ४७ टन सोनं गहाण टाकण्यासाठी परदेशी धाडावं लागलं.

आता आक्षेप. स्वीडनमध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास निम्मा खर्च सरकार करतं, आपल्याकडे केंद्र आणि राज्यं मिळून तीस टक्क्यांच्या आसपास. मग स्वीडन का बुडाला नाही? कारण तिथलं सरकार कर भरमसाट घेतं, शाळा-दवाखाने चालवतं, पण कुणी किती गाड्या बनवाव्यात हे ठरवत बसत नाही. इस्रो, कृषी विद्यापीठं, हरितक्रांती हेही सरकारचंच काम, आणि ते नाकारणारा कृतघ्न. सगळ्यात बोचरा आक्षेप विदर्भातून येतो: एकाधिकार गेला आणि पाठोपाठ आत्महत्यांचा काळ आला, त्याचं काय? हे हसण्यावारी नेता येत नाही. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देत असताना इथला कोरडवाहू शेतकरी कर्जासकट उघड्यावर पडला. पण म्हणून ग्रेडरची मक्तेदारी हवी होती, असं ठरत नाही. भाव पडला तर हमीभावाने घेणारा आणि वेळेवर पैसे देणारा सरकारी खरेदीदार हवा होता. इतरांना हाकलून देणारा नव्हे. सरकारने मक्तेदारी सोडताना हमीचाही हात काढून घेतला, हे पाप वेगळं आणि तितकंच मोठं.

‘किमान सरकार’ अशी घोषणा देणारं सरकार आलं की हे सगळं इतिहासजमा होईल, अशी काहींची समजूत होती. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसलं. डिसेंबरात थेट निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, शुल्क मात्र राहिलं. सप्टेंबरात ते निम्म्यावर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. शहरातल्या भाजीवर नजर ठेवून नाशिकच्या शेतकऱ्याचं बाहेरचं दार दीड वर्षाहून अधिक काळ कधी बंद, कधी किलकिलं ठेवलं गेलं. त्यासाठी ना समाजवाद लागला, ना पंचवार्षिक योजना. एक अधिसूचना पुरली.