श्रद्धा आणि

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथा १९३४ साली येऊ लागली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. संसार, श्रद्धा, स्वतः, एवढ्यासाठी एवढा उशीर! आमच्या सिंगापूरच्या बेडोकमधल्या एका सद्गृहस्थांनी हेच काम अडतिसाव्या वर्षी, जोडून आलेल्या सुट्टीत उरकलं. पुस्तकाचं नाव 'श्रद्धा'. (खंड पहिला.) कुटुंबावरचं प्रकरण तर फारच हृद्य. ते लिहिताना घरात शांतता हवी, म्हणून बायकोमुलांना तीन दिवस 'बेडोक ८५'च्या हॉकर सेंटरवर बसवलं होतं. प्रकाशनाला जागाही सुचवली आहे: हार्टबीट ॲट बेडोक. ग्रंथालय आणि पॉलिक्लिनिक एकाच इमारतीत; वाचकांची गैरसोय नको.

वहिनीही आता लिहायला बसल्या आहेत. नाव ठरलंय, 'सबुरी'. खंड किती, ते सांगत नाहीत.