गोधडीला मुदतवाढ

दिवाळीची साफसफाई निघाली की सोलापुरातल्या माळ्यांवरून दोन गोष्टी हमखास खाली येतात: पितळी डबे आणि अर्धवट शिवलेली गोधडी. डबे घासून परत वर जातात. गोधडीला ऊन दाखवलं जातं आणि ‘यंदा पुरी करायचीच’ हा ठराव घरात एकमताने मंजूर होतो.

पहिली मुदत लक्ष्मीपूजनाची. ती करंज्या-चकल्यांत बुडते. पुढची संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची. भोगीला अक्षता पडतात, सिद्धरामेश्वरांचं लग्न दरवर्षी ठरल्या दिवशी लागतं. गोधडीचे चार कोपरे मात्र जुळत नाहीत.

कारणं भक्कम असतात. आजीची सुती नऊवारी लुगडी संपली. सिंथेटिक साडीवर धावदोरा घसरतो. सुईत दोरा ओवणारा नातू मोबाईलमधून मान वर काढत नाही. शिवाय ज्या गावच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिथे पांघरूण घरी शिवणं म्हणजे स्थानिक उद्योगाशी गद्दारीच!

मार्चमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो, अंगावर पंचाही नको होतो आणि गोधडी ‘तांत्रिक कारणास्तव’ पुन्हा माळा गाठते.

मधल्या काळात पुण्याची सून ‘हँडमेड’ गोधडी ऑनलाइन मागवते, चांगले काही हजार मोजून. सगळं घर त्या गोधडीचे टाके कौतुकाने न्याहाळतं. ही कशी बाई पूर्ण झाली? सोपं आहे. शिवणारीला सणाची सुट्टी नव्हती.