उजव्या अंगठ्यास कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्री. उजवा अंगठा,
मुक्काम उजवा हात, मनगटाच्या पुढे,
सदाशिव पेठ, पुणे ४११०३०

विषय: ऐन नोव्हेंबरात कर्तव्यात कसूर केल्याबद्दल
संदर्भ: हयातीचा दाखला

महोदय,

उपरोक्त विषयी आपणांस कळविण्यात येते की, गेल्या सोमवारी बँकेत आपले वर्तन सेवाज्येष्ठतेस शोभणारे नव्हते.

इथवर मसुदा बरा जमला. पुढे हे आपण-आपणांस निभावणार नाही, कारण तू मला जन्मापासून ओळखतोस. निदान ओळखत होतास. पत्र खुलं धाडतोय, कारण तुझा प्रतापही बंद दाराआड घडलेला नाही. रांगेतल्या झाडून सगळ्या पेन्शनरांनी तो माना उंच करकरून पाहिला.

काउंटरवरच्या मुलीची काही चूक नव्हती. बिचारी सांगत होती, ‘काका, दाबू नका, नुसतं टेकवा.’ टेकवलं. ‘पुसून टेकवा.’ पुसलं. ‘डोक्यावरून फिरवून टेकवा, थोडं तेल लागलं की घेतं.’ माझ्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलेलं नाही, तरी फिरवलं. मागच्या गृहस्थांनी ‘फुंकर मारा’ असा स्वानुभवाचा सल्ला दिला, तीही मारली. मग तुझ्या नऊ भावंडांची वरात निघाली. करंगळ्यासुद्धा हजेरी लावून आल्या. शेवटी पडद्यावर जे उमटलं त्याचा मथितार्थ असा: बोटं आहेत, बोटांच्या मागे इसम आहे, इसम बोलतो आहे, घाम पुसतो आहे, पण तो हयात असल्याचं म्हणता येत नाही. मी यंत्राला अंगठा दाखवला आणि यंत्राने मला.

बरं, आपण हयात आहोत की नाही ही शंका सरकारला फक्त नोव्हेंबरात आणि फक्त पैसे द्यायचे असले की येते. मिळकतकर भरताना महापालिकेने मला कधी विचारलेलं नाही, की आजोबा, तुम्ही खरंच आहात ना? विजेचं बिल भरायला मेलेला माणूस आला तरी चालतो.

हा भार तुझ्यावर टाकला कुणी, त्याची कुळकथा सांगतो. खुलासा लिहिताना उपयोगी पडेल. आपल्याकडे लिहिता न येणारा कुणबी कागदावर नांगराची निशाणी करायचा. नांगर काय, कुणीही काढावा आणि कुणाच्याही नावावर खपवावा! वर कागदात काय लिहिलंय ते निशाणी करणाऱ्याला वाचता येत नसे. १८७५ साली, म्हणजे आमचं हवामान खातं जन्माला आलं त्याच वर्षी, मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर धावून गेले आणि त्यांनी कर्जाची खतं हिसकावून जाळली. इंग्रजांना त्यावर १८७९ साली कायदा करावा लागला.

तिकडे बंगालात विल्यम हर्शेल नावाचा एक साहेब दुसऱ्याच वाटेने चालला होता. १८५८ साली जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या तळव्याला शाई फासून कराराच्या कागदावर पंजा उमटवून घेतला. रस्त्याच्या मालाचा करार होता. गड्याने उद्या ‘ही सही माझी नव्हे’ म्हणू नये, एवढाच हेतू. पुढे हुगळीला बदली झाल्यावर, १८७७ साली, साहेबाने या युक्तीचा पद्धतशीर वापर सुरू केला. कुणावर, ओळख पाहू? चोरांवर? दरोडेखोरांवर? पेन्शनरांवर! पेन्शनर मरायचा आणि पेन्शन मात्र चिरंजीव व्हायचं. घरातलंच कुणी म्हातारं होऊन यायचं आणि रक्कम घेऊन जायचं. म्हणजे बोटांच्या ठशाचे अगदी आरंभीचे मानकरी आपण. गुन्हेगारांची खरी पाळी नंतर आली. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं, ठसे लावण्याचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवलं आणि त्या पद्धतीला नाव पडलं वरिष्ठांचं, एडवर्ड हेन्रींचं. हवामान खात्याच्या सिमला ऑफिसात उभा जन्म काढलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही.

या हर्शेलने आणखी एक केलं. वर्षानुवर्षांच्या अंतराने स्वतःच्याच बोटांचे ठसे पुन्हा पुन्हा घेतले आणि सिद्ध केलं, की रेषा आयुष्यभर बदलत नाहीत. शास्त्र म्हणून ते आजही खरं आहे. फक्त साहेबाने कधी तारेच्या घासणीने कढई घासली नव्हती. निवृत्तीनंतर आमच्या घरी कामाची फेरवाटणी झाली, हिने स्वयंपाक ठेवला, मला मोरी दिली, आणि तू साबणाच्या पाण्यात मुरत गेलास. वय झालं की कातडीचा ओलावा कमी होतो, रेषांचे उंचवटे सपाट होत जातात, हेही मला ठाऊक आहे. नक्षी तीच असते, यंत्राला ती दिसत नाही. पण नोटिशीत आरोपीची बाजू मांडायची नसते.

आधारसाठी तुझा नमुना घेतला तेव्हा तू कसा होतास, आठवतंय? देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. पुढे आपलीही पाळी आली. तेव्हा तू नोकरीत होतास, रुबाबात होतास, जाड जाड नोंदवह्यांची पानं उलटत होतास. १० नोव्हेंबर २०१४ ला जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, सुरू झालं, तेव्हा मीच सहकाऱ्यांना म्हणालो होतो की आता पेन्शनरांचे हेलपाटे संपले. हवामान खात्यातल्या माणसाचा अंदाज. तो किती मनावर घ्यायचा हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

आता तू रुबाब दाखवतोस तो फक्त मंडईत. परवा मेट्रोने मंडई स्टेशनला उतरलो, सरकत्या जिन्यांवरून पाताळातून वर आलो. पुढ्यात १८८६ सालची दगडी इमारत आणि तिच्या भोवतीचा तोच जुना कल्लोळ. तिथे तू कुणाचं ऐकत नाहीस. भेंडीचं टोक मोडून बघ, मटाराची शेंग दाबून बघ, पेरूला हळूच नख लाव. गाळ्यावरची बाई म्हणाली, ‘आजोबा, मोडली तेवढी घ्यावी लागंल.’ घेतली. पैसे द्यायला फोन काढला, फोनने उघडण्यासाठी तुलाच बोलावलं, आणि तू पुन्हा नापास. बाईनेच सुचवलं, ‘आकडे टाका की!’ त्या बाईइतकं शहाणपण सोमवारच्या त्या यंत्रात असतं तर!

बुधवारी तुला डॉक्टरकडे नेलं, ते रेषांसाठी नव्हे. मनगटाशी कळ यायची म्हणून. डॉक्टरांनी तुला मुठीत मिटायला लावलं आणि मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं. मी जो काही स्वर लावला तो कुठल्याही थाटात बसणारा नव्हता. दुखण्याला द करव्हँ या स्विस शल्यविशारदाचं नाव आहे. १८९५ साली त्याने ते नोंदवलं. तान्ही मुलं सारखी उचलणाऱ्या आयांना ते हमखास व्हायचं, आता मोबाइलवाल्यांनाही होतं. ‘काका, अंगठ्याने टाइप करता?’ मी उत्तर देण्याआधीच ही म्हणाली, ‘पहाटे पाचपासून. सगळ्या गटांना सुप्रभात घालतात.’ यावर तू गप्प बसलास. सोसायटीच्या गटावर कुणाच्या निधनाची बातमी आली तरी स्वतःचंच चित्र ठोकून देणारा तू. खरं तर तुला त्यासाठीच वेगळी नोटीस काढायला हवी.

दवाखान्यात एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात राहिली. नाडी मोजायला अंगठा वापरत नाहीत. का, तर तुझीच नाडी इतकी ठळक उडते, की मोजणारा रोग्याची म्हणून स्वतःचीच मोजत बसतो. म्हणजे जिवंतपणाचा ढळढळीत पुरावा तुझ्या पोटात ठोके देतो आहे, आणि बँकेतल्या यंत्राला तो नको आहे. त्याला रेषा हव्यात.

डॉक्टरांनी पट्टा दिला. तू त्यात बांधलेला, तरी शुक्रवारी ज्येष्ठांच्या गाण्याच्या वर्गाला आलास, हे तुझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. तानपुऱ्यावर तसं तुला काम नसतं. मध्यमा आणि तर्जनी तारा छेडतात आणि तू दांडीला टेकून निवृत्ताप्रमाणे बसतोस. पण ऐकायला बसलं की सगळा कारभार तुझा. चार बोटं, एकेका बोटाची तीन पेरं, झाल्या बारा मात्रा, एकताल पुरा. तीच बोटं टोकांसकट धरली की सोळा, म्हणजे त्रिताल. विलंबित एकतालाचं आवर्तन पाऊण मिनिट रेंगाळलं तरी तू पेरापेरावरून मुंगीच्या पावलाने सरकतोस आणि करंगळीवरून परत तर्जनीवर नेमका समेला उतरतोस. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका मान डोलावतात त्या गायकासाठी नव्हे, त्यांचा अंगठाही त्याच पेरावर आलेला असतो म्हणून. झुमरा आला की मात्र तुझी तारांबळ. चौदा मात्रा आणि पेरं बारा! उस्ताद अमीर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रणं लावली की उरलेल्या दोन मात्रा कुठे ठेवायच्या या विवंचनेत तू अर्धा ख्याल घालवतोस. मला तर शंका आहे, की रेषा घासणीने कमी आणि या मोजण्यानेच जास्त झिजल्या. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या मैदानावर रात्र-रात्र रंगायचा, तेव्हाची तर तुझी पहाटेपर्यंतची रात्रपाळी असे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा नियम आला आणि दरबारी-मालकंसाची वेळ यायच्या आत माणसं सतरंज्या गुंडाळायला लागली. आता मांडव मुकुंदनगरात पडतो. आणि बघ, महोत्सवाची सांगता होते ती सवाई गंधर्वांच्याच ध्वनिमुद्रित भैरवीने. १९५२ साली गेलेला गवई डिसेंबरात हजर होतो, हजारो माणसं मांडी न मोडता ऐकतात, आणि हयातीचा दाखला कुणी मागत नाही.

राहता राहिला संगणक. जुना धडधाकट होता, पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ घालायला त्याच्यात टीपीएम नावाची कुठलीशी चिप हवी तशी नव्हती. यंत्रालाही सक्तीची सेवानिवृत्ती असते हे पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शनिवारी पुतण्या नवा लॅपटॉप लावायला आला. त्याच्या कोपऱ्यात पुन्हा तोच काळा चौकोन: बोट ठेवा, उचला, पुन्हा ठेवा. पुतण्याने ती पायरी न बोलता ओलांडली आणि मला आकडे ठरवायला सांगितलं. खरा घोळ पुढेच होता. मी वर्षानुवर्षं टिपून ठेवलेल्या बंदिशींच्या फायली जुन्या फाँटातल्या निघाल्या. नव्या यंत्रावर उघडल्या तर सगळ्या बंदिशींचा एकच तराणा झालेला, आणि तोही रोमन अक्षरांत. ज्या पुण्यात १९९१ साली परम ८००० महासंगणक उभा राहिला, त्या पुण्यात माझा यमन उघडत नव्हता! पुतण्याने कसलासा परिवर्तक शोधला. त्यातून बहुतेक अक्षरं परत आली. जोडाक्षरं आणि रफार अजून वाटेत आहेत. ते मी इनस्क्रिप्ट कळफलकावर एकेक दुरुस्त करतो आहे. हलन्त डीवर, म्हणजे डाव्या मधल्या बोटाकडे. तुझ्याकडे फक्त स्पेसबार, दोन शब्दांत अंतर ठेवणं. पट्टा बांधूनही तू ते चोख करतोस.

आणि जाता जाता पुतण्याने तुझा निकालही लावून टाकला. ‘काका, अंगठा कशाला? चेहऱ्यावर होतं ना!’ २०२१ च्या नोव्हेंबरपासून ही सोय आहे, म्हणे. दोन ॲपं टाकली, मला खिडकीतल्या उजेडात बसवलं, फोन समोर धरला. ‘पापणी लववा.’ लववली. हिरवं झालं. दाखला तयार, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत मी अधिकृत हयात. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, ‘आहेत ना? मग पानं घ्या म्हणावं.’

सबब, आपणांस पुढीलप्रमाणे कळविण्यात येते. आपला खुलासा या कार्यालयास न मागताच मिळालेला असून तो दप्तरी दाखल करण्यात आला आहे. ओळख पटवण्याच्या कामातून आपणांस मुक्त करण्यात येत आहे. मात्रा मोजणे, भेंडी मोडणे, स्पेसबार आणि अनुलोम-विलोमात उजवी नाकपुडी बंद करणे ही कामे पूर्ववत आपल्याकडेच राहतील. सुप्रभाताचे काम वैद्यकीय सल्ल्यानुसार तूर्त स्थगित. रोज रात्री खोबरेल तेलाचा भत्ता मंजूर. घासणीच्या कामाचा प्रस्ताव हिच्याकडे विचारार्थ पाठवला होता. तो कोणताही शेरा न मारता परत आला आहे.

आपला,
(सही/-)
वरील अंगठ्याचा धारक

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी:
पापणी, दोन्ही. पुढील नोव्हेंबरपर्यंत लवत राहावे.