डिस्क ड्राइव्हची ओळखपरेड

सिद्धेश्वर, औंढा नागनाथ व आसपासच्या गावांत जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. इतरांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर वाचावे.

प्रथम अडचण समजून घ्यावी. आपण ड्राइव्हमध्ये डीव्हीडी घालतो, संगणक तिच्यावरूनच सुरू होतो, इन्स्टॉलर पडद्यावर येतो आणि आल्याबरोबर विचारतो, डीव्हीडी ड्राइव्ह कुठे आहे? येथे संतापू नये. येलदरी धरणातून सोडलेले पाणी पूर्णा नदीतून सिद्धेश्वर धरणापर्यंत येते. कालव्यात जायचे तर सिद्धेश्वरचेच दार उघडावे लागते. तसेच, बायोस डीव्हीडीवरचा सुरुवातीचा भाग आपल्या पद्धतीने वाचून मेमरीत आणून सोडतो आणि बाजूला होतो. पुढचे वाचन नव्या सिस्टीमच्या कर्नलला स्वतःच्या ड्रायव्हरने करायचे असते. तो ड्रायव्हर नसेल, तर समोरचा ड्राइव्ह कर्नलच्या लेखी अस्तित्वातच नाही.

डेबियन टाकणार असाल तर भाषांच्या यादीत मराठी निवडावी. ड्राइव्हची चौकशी त्यानंतर होते, म्हणजे नकार निदान मायबोलीत मिळतो.

नकार मिळाल्यावर संगणक बंद करून, वायर काढून, कॅबिनेट उघडावे. औंढ्याला नामदेवांसाठी नागनाथाचे देऊळ फिरले, अशी आख्यायिका आहे. आपण नामदेव नव्हे. केबल आपणच काढून पुन्हा लावावी. मग बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत पाहावी. एएचसीआय असेल तर आयडीई करून बघावी. मात्र त्यामुळे आधीची विंडोज सुरू होईनाशी होऊ शकते, म्हणून मूळची पद्धत कागदावर लिहून ठेवावी. कागद संगणकाखाली ठेवू नये, तिथला कागद कोणालाच सापडत नाही.

विंडोज ७ चा मामला वेगळा. ती ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली. यूएसबी ३.० चे मानक नोव्हेंबर २००८ मध्येच जाहीर झाले होते, तरी तिच्या इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. त्यामुळे यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावला की सीडी किंवा डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर नाही, असा निरोप येतो. घरात सीडी नाही, डीव्हीडी नाही, ड्राइव्हही नाही. ड्रायव्हर मात्र आवश्यक! यावरचा उपाय सांगतानाही संकोच वाटतो: कॅन्सल करून पहिल्या पडद्यावर यावे, पेनड्राइव्ह उपसावा, काळ्या पोर्टमध्ये खुपसावा आणि पुन्हा इन्स्टॉल म्हणावे. बहुधा चालते. २०२० च्या जानेवारीत जिचे अपडेट थांबले ती विंडोज आजही कशाला हवी, हे घरच्या जुन्या प्रिंटरला विचारावे.

पेनड्राइव्हवरून डेबियन टाकतानाही सीडी सापडत नाही, अशी तक्रार आली, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ दाबून काळ्या पडद्यावर जावे आणि सीडीरॉम नावाच्या फोल्डरवर पेनड्राइव्ह हाताने माउंट करावा. फोल्डर सीडीचा, माल पेनड्राइव्हचा. कागदोपत्री सीडी हजर झाल्याने इन्स्टॉलर समाधान पावतो.

एवढ्यानेही जमले नाही, तर पुण्याला आयटीत असलेल्या भाच्याला फोन लावावा. तो म्हणेल, "मामा, रिस्टार्ट करून बघितलं का?" होय म्हणावे, आणि फोन ठेवल्यावर गुपचूप करून बघावे.

ड्राइव्ह ओळखला गेला की इन्स्टॉलर पुढचा प्रश्न विचारतो: हार्ड डिस्क कुठे आहे? त्याचे मार्गदर्शन लाईट आल्यावर.