आकाशाचे दप्तर

विश्वाच्या अफाट पसाऱ्याविषयी गहन चिंतन करण्याची ज्यांना हौस असेल त्यांनी ती खुशाल भागवावी. परंतु त्या विश्वाची चित्रे ज्या फाइलींत बंदिस्त असतात त्या विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही दरबारांत सारख्याच इतमामाने उघडतील असा प्रोग्राम लिहिण्याचे काम चुकूनही अंगावर घेऊ नये, असे माझे अनुभवसिद्ध मत आहे.

खगोलशास्त्रज्ञांच्या या फाइलीस 'फिट्स' म्हणतात. १९८१ साली तिचा तपशील प्रसिद्ध झाला, पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने तिच्यावर मान्यतेची मोहोर उमटविली आणि तेव्हापासून तिचा कारभार एखाद्या अव्वल कारकुनाच्या कडव्या शिस्तीने चालू आहे. हेडरची प्रत्येक ओळ पंचकार्डाच्या रुंदीइतकी, म्हणजे बरोबर ८० अक्षरांची. नाव आठ अक्षरांच्या आत, नवव्या घरात बरोबरीचे चिन्ह, आणि पहिल्याच ओळीत 'सिंपल' या नावापुढे तिसाव्या घरात 'टी' हा, फाइल नियमानुसार असल्याचा, एकाक्षरी कबुलीजबाब. सांगण्यासारखे चारच शब्द असले तरी हेडर ३६ ओळींचे, २८८० बाइटांचे भरलेच पाहिजे. उरलेल्या जागेत कोरी अक्षरे. हा आकडा कुणी पंचांग पाहून काढलेला नाही. त्या काळच्या संगणकांपैकी कुणाचा शब्द ३२ बिटांचा, कुणाचा ३६, तर कुणाचा ६०, आणि ते सारे या ठोकळ्यात बाकी न उरता बसावेत, एवढीच त्यामागची योजना. शिवाय एकदा ग्राह्य ठरलेली फाइल पुढे कधीही अग्राह्य ठरवायची नाही, असा दंडक. (एवढे अभय आमच्या सातबाऱ्यालाही नाही.) व्हॅटिकनच्या ग्रंथालयाने आपली हस्तलिखिते जतन करण्यास हेच स्वरूप निवडले, ते उगीच नव्हे.

यंत्रायंत्रांत भेद न मानणाऱ्या या फाइलीचे दर्शन घडविणारा प्रोग्राम मात्र भेदाभेदांतच रुतून बसतो. विंडोजवर 'ओके' आधी आणि 'कॅन्सल' नंतर, मॅकवर नेमके उलट. लिनक्स फाइलीच्या नावातील लहानमोठ्या लिपीवरून हुज्जत घालणार, विंडोजला त्याचे सोयरसुतक नाही. फिट्समध्ये संख्येचा मोठा बाइट आधी येतो, आजच्या बहुतेक संगणकांत धाकटा; ही अदलाबदल केली नाही तर पडद्यावर आकाशगंगेऐवजी निव्वळ करडा गोंधळ दिसतो. त्यातून चित्राची पहिली ओळ रूढीने तळाशी असते आणि पडदा भरतो वरून. आकाशगंगा शीर्षासनात असली तरी बहुतेक प्रेक्षकांच्या ते ध्यानीही येत नाही, हे या धंद्यातले गुपित वाचकांनी आपल्यापाशीच ठेवावे.

हे सारे सांभाळल्यावर तिन्ही यंत्रांवर अक्षरशः एकसारखे चित्र उमटले: काळेकुट्ट. एखादा तेजस्वी तारा सारी मोजपट्टी बळकावून बसतो आणि बाकीचे ब्रह्मांड अंधारात राहते, म्हणून लॉगॅरिदमने उजेड वाटून देण्याची तजवीज करावी लागली. नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या चित्रांवर काम करणाऱ्या एका स्नेह्यास ती मोठ्या अभिमानाने दाखविली. त्याने चित्राकडे ओझरतेही न पाहता हेडरची खिडकी उघडली, बराच वेळ वाचन केले आणि म्हणाला, "बाकी झकास आहे रे! पण मॅकवर ही ८० अक्षरं एका ओळीत का मावत नाहीत?"