मळी, काकवी आणि वॉचमन

बंबलबी नावाच्या गुबगुबीत माशीच्या मधात एक यीस्ट सापडतं, स्टार्मेरेला बॉम्बिकोला. त्याला साखर आणि तेल एकदम खायला घातलं की ते सोफोरोलिपिड तयार करतं. या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटपणाला. म्हणजे साबणच की! कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९६१ सालीच सोफोरोलिपिडची नोंद केली होती, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अस्मिता प्रभुणे यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. मी त्यावरचा एक लेख वाचला. त्यात ‘मळी’, ‘तळणीचं वापरलेलं तेल’ आणि ‘स्वस्त’ एवढेच शब्द मला दिसले.

साखर कारखान्यातल्या मेहुण्याला फोन लावला.

“दाजी, मळीवर एक्साइजचा डोळा असतो. बिनपरवाना कॅन बाहेर काढला तर आधी मी आत जाईन.”

मग काकवी आणली. तेलासाठी भज्यांच्या गाडीवर गेलो. गाडीवाल्याने कढईत डोकावून पाहिलं. “वापरलेलं? अजून कुठं वापरून झालंय, साहेब?”

शेवटी दिवाळीतल्या चकल्यांचं तेल कामी आलं. बॉम्बिकोला किराणा दुकानात मिळत नाही, म्हणून पावाचं यीस्ट घेतलं. आडनाव एकच, तेवढं चालवून घेतील अशी माझी समजूत. बादलीत काकवी, पाणी, तेल, यीस्ट घालून झाकण घट्ट लावलं आणि बादली गॅलरीत ठेवली.

लवकरच जिन्यात वास दरवळू लागला. शेजारच्या काकूंनी आमच्याकडे विरजण मागणं बंद केलं. उलट वॉचमन, जो एरवी माझ्या स्कूटरलाही ओळख दाखवत नसे, तो उठून उभा राहू लागला. एका संध्याकाळी जवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब, नवसागर घातला का?”

कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवणाऱ्या मैत्रिणीला बोलावलं. ती आधी पोटभर हसली. पावाच्या यीस्टला हवा तोडून गूळपाणी पाजलंस, ते दारूच करणार, म्हणाली. बॉम्बिकोलाला अखंड हवेचे बुडबुडे लागतात, आम्लता साडेतीन पीएचच्या आसपास सांभाळावी लागते, नायट्रोजन संपत आला की मगच ते मन लावून कामाला लागतं. शिवाय सगळं निर्जंतुक हवं. सोफोरोलिपिड पाण्याहून जड, ते तपकिरी पाकासारखं तळाशी बसतं. त्यातलं उरलेलं तेल अनेकदा हेक्झेनने धुऊन काढतात. टाकाऊ माल फुकट मिळाला, तरी कॉम्प्रेसर, वीज आणि ही धुलाई कुणी फुकट देत नाही. मी वाचलेल्या लेखात हे सगळं होतं म्हणे. पुढच्या पानावर.

जाताना तिने विद्यार्थ्यांनी बनवलेल्या खऱ्या सोफोरोलिपिडची एक बाटली बायकोच्या हाती ठेवली. त्याच रात्री बायकोने चकल्यांची कढई त्याने घासली. कढई लख्ख निघाली. तेलाचा थेंब नाही.

“फेस कुठंय?” तिने विचारलं.

“याला फेस कमीच येतो,” मी जाणकारासारखा म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं आणि साबणाची वडी घेऊन कढई पुन्हा घासायला घेतली.